बडोद्याजवळ शरदात नदीकाठी चालायला कुठे जावं? मही, विश्वामित्री की नर्मदा?

वाडीकर

नवरात्रातले गरबे संपले की कार्तिकी पौर्णिमेपर्यंतचा महिना नदीकाठी पायी फिरायला चांगला, असं सगळेच म्हणतात. पण नेमकं कुठे आणि कसं, हे विचारलं की उत्तर येतं, "सिंधरोटला जा ना." आम्ही पाचजण आहोत. दोघं सत्तरीच्या पुढचे (त्यातल्या एकांचे गुडघे दुखरे, सपाटीवर ठीक चालतात, पायऱ्या नकोशा), एक दहा वर्षांची मुलगी आणि दोघं धडधाकट. गाडी आहे. सकाळी निघून दुपारी जेवायला घरी परतायचं. दोन-तीन तास चालणं, मध्ये बसणं, इतकंच. पोहायचं नाही, स्वयंपाकाचा घाट नाही.

मही, नर्मदा, की शहरातच विश्वामित्रीकाठी? वेळ कोणती धरावी, पाण्याच्या किती जवळ जाणं योग्य, आणि कुठल्या दिवशी अजिबात जाऊ नये? "सुंदर जागा आहे" यापलीकडची माहिती हवी आहे.

महीकाठ

सिंधरोट बडोद्याच्या पश्चिमेला, गाडीने अर्धा-पाऊण तास. लोक थेट आडबांधावर जातात आणि तिथेच चुकतात. बांधावरून पाणी उतरतं तिथला दगड आणि काँक्रीट शेवाळलेलं असतं. खालच्या बाजूला पडत्या पाण्याने तळ खरवडून डोह झालेले असतात. वरून पाणी घोटाभर दिसतं, दोन पावलांवर डोक्याएवढं निघतं. महीत दरवर्षी माणसं बुडतात ती बहुतेक अशा जागी. त्यामुळे बांध लांबून बघा आणि चालायला काठावरची शेतवाट धरा.

आता काठाबद्दल, कारण शरदातला खरा धोका तिथे आहे. महीचा काठ खडकाचा नाही. नदीनेच आणून टाकलेल्या बारीक गाळमातीचे उंच सरळसोट कडे आहेत, मधूनमधून कंकराचे थर. पावसाळाभर ही माती पाणी पिऊन फुगलेली असते. नदी भरलेली असते तोवर पाण्याचा दाब त्या कड्याला बाहेरून टेकू देतो. आश्विनात पातळी झपाट्याने उतरते, टेकू जातो, पण आतलं पाणी अजून मातीतच असतं. मग कडा ढासळतो, आणि तोही निरभ्र आकाशाखाली, कोरड्या दिवशी. खूण एकच: काठाला समांतर जाणारी भेग. बोटभर रुंद असली तरी तिच्या नदीकडच्या बाजूला पाय ठेवू नका. भेग नसली तरी कडेपासून तीन-चार मीटर आत राहा. कडा खालून पोखरलेला असतो आणि वर उभ्या माणसाला ते कधीच दिसत नाही.

दुसरी गोष्ट कोतरांची. काठालगतच्या या घळींमध्ये उतरलं की दहा मिनिटांत दिशा हरवते, कारण सगळ्या भिंती सारख्या आणि वर फक्त आभाळाची पट्टी. उतार धरून चालत राहिलात तर नदीवर पोहोचाल, रस्त्यावर नाही. वाट चुकली तर चढ धरायचा आणि शेताच्या पातळीला यायचं. फोनमधला नकाशा कोतराच्या तोंडाशी संपणाऱ्या बैलगाडीवाटाही रस्ता म्हणून दाखवतो, त्यावर गाडी घालू नका. मुलीला घेऊन कोतरात शिरायचं असेल तर तोंडाशीच पन्नास पावलं. तेवढ्यात भिंतीतली वेड्या राघूंची बिळं दिसतात, रोझांचे (नीलगायींचे) खूर उमटलेले दिसतात. पुरे.

पाणी ओसरल्यावर राहिलेला नवा गाळ वरून वाळून भेगाळतो आणि टणक वाटतो. खाली लोणी असतं. काठी टोचून बघा. वीतभर सहज शिरली तर तिथून फिरायचं. पाय रुतलाच तर जोरात उपसू नका, त्याने दुसरा पाय रुततो. मागे बसून वजन पसरवायचं आणि रुतलेला पाय हळूहळू हलवत मोकळा करायचा.

पादऱ्याकडून गंभीरा पुलाने पलीकडे जायचा कुणी सल्ला दिला तर लक्षात ठेवा, तो पूल जुलै २०२५ मध्ये कोसळला.

मगरमित्र

विश्वामित्री पावागडावरून येते आणि शहराच्या मधोमध वाहते. तिच्यात मगरी आहेत हे बडोद्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक, तरी दर शरदात कुणीतरी कुत्र्याला घेऊन काठाच्या चिखलात उतरतंच. म्हणून शहरात नदी बघायची तर वरून. सयाजीराव महाराजांनी १८७९ मध्ये उभारलेली कमाटी बाग नदीकाठालाच आहे, आतल्या वाटा सपाट, बाकं आहेत. गुडघेवाल्यांसाठी यापेक्षा सोपं काही नाही. नदीला वास येतो हे मान्य करूनच जा. मगर बघायला पूल उत्तम: उंची असते, कठडा असतो, आणि खालची उन्हं खायची जागा पूर्ण दिसते.

वेळ ऋतूप्रमाणे बदलते. ऑक्टोबरात ऊन कडक, तेव्हा मगर सकाळी थोडा वेळ बाहेर पडते आणि ऊन तापलं की परत पाण्यात. दिवाळीनंतर सकाळ गार झाली की नऊ-दहापासून दुपारपर्यंत आरामात पडून राहते. ती जबडा वासून पडली म्हणजे चिडली असं नाही, शरीराची उष्णता ती अशी सांभाळते. जून-जुलैत बाहेर आलेली पिल्लं या दिवसांत अजून लहानच असतात. ती दिसली तर मादी जवळपास असू शकते.

काठ वाचायला शिका. ओल्या चिखलात पाण्यापासून वर जाणारी गुळगुळीत पन्हळ, तिच्या दोन्ही बाजूंना नखांचे ठसे आणि मध्ये शेपटीची रेघ: ही मगरीची येण्याजाण्याची वाट. तिथे थांबायचं नाही. काठात अर्ध्या पाण्याखाली असलेलं मोठं भोक म्हणजे तिचं बीळ असू शकतं.

अंतराबद्दल विचारलंत. पाण्यापासून निदान सहा-सात मीटर, आणि काठ चिखलाचा किंवा गवताने झाकलेला असेल तर त्याच्या दुप्पट. मगर जमिनीवर पाठलाग करत फारशी येत नाही. ती पाण्याच्या कडेला दबा धरते आणि एका झेपेत ओढते. वाकून हात धुणारा, भांडी घासणारा, पाणी पिणारं जनावर, हे तिचे सोपे सावज. म्हणून नियम पाण्याच्या कडेचा आहे, मगर दिसण्या न दिसण्याचा नाही. संध्याकाळ झाली की काठ सोडायचा, ती रात्री शिकार करते. पाव, मांस, काहीही टाकायचं नाही. माणूस म्हणजे खाणं हे तिच्या डोक्यात बसलं की पुढच्या माणसाला त्याचे भोग. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तिचं नाव आहे, दगड मारणं हा खेळ समजू नका.

आणि हो, मही-नर्मदेच्या खोऱ्यातही मगर आहे. "तिथे नाहीत" हे ऐकून पाय सोडून बसू नये.

जुना_डभोईकर

तुमच्या गरजा बघता चांदोद सुचवतो, पण अटींसह.

बडोद्याहून डभोईमार्गे साधारण पन्नास किलोमीटर. रेल्वेनेही जाता येतं. डभोई-चांदोद ब्रॉडगेज आणि पुढे केवडियापर्यंतचा मार्ग जानेवारी २०२१ मध्ये सुरू झाला. मात्र गाड्यांच्या वेळा आदल्या दिवशी बघा आणि परतीची गाडी आधी ठरवा, मग जाण्याची.

चांदोदला नर्मदा आणि ओरसंग भेटतात, गुप्त सरस्वती धरून त्रिवेणी. गाव उंच काठावर, नदी खाली. मल्हारराव घाटाच्या पायऱ्या शंभरावर आहेत, म्हणून दुखऱ्या गुडघ्यांना खाली नेऊ नका. त्यांनी वरच्या टप्प्यावर बसावं, तिथूनही संगम दिसतो. उतरणाऱ्यांनी पायरीचा रंग बघावा. पांढुरकी, धूळ बसलेली पायरी कोरडी. खालच्या काळपट-हिरव्या पट्ट्यापर्यंत पाणी नुकतंच होतं, तिथे शेवाळ आहे आणि पुराचा बारीक गाळही. त्या पट्ट्याच्या दोन पायऱ्या वरच थांबायचं. गावातले लोक नदी फुटात मोजत नाहीत, "आज किती पायऱ्या उघड्या" असं विचारतात. तुम्हीही तोच प्रश्न पहिल्या चहावाल्याला विचारा आणि कालचा आकडाही विचारा. दोन्ही आकड्यांतून नदी चढते की उतरते ते कळतं.

खरं चालणं ओरसंगच्या रेतीत. पात्र रुंद, रेती स्वच्छ, शरदात काठाला काशाचे पांढरे तुरे आणि कडेने कुर्डूची गुलाबी कणसं. पण डांबरी रस्त्यावर तासाला चार-साडेचार किलोमीटर चालणारा माणूस कोरड्या रेतीत जेमतेम दोन-अडीच चालतो आणि पोटऱ्या दुप्पट थकतात. जायला एक तास धरलात तर परतायला सव्वा तास धरा. पाण्यालगतची ओली, घट्ट पट्टी चालायला सोपी, पण वर मगरीबद्दल लिहिलंय ते तिथे लागू होतं. मधला मार्ग असा: पाण्यापासून दहा-बारा पावलांवर, जिथे रेती ओलसर आहे पण चमकत नाही.

ओरसंगमध्ये सगळ्यात वाईट गोष्ट मगर नाही, खड्डे आहेत. बांधकामासाठी यंत्राने रेती उपसतात आणि खड्डे तसेच राहतात. पावसाळ्यात त्यांत पाणी भरतं, वरून बारीक रेतीची साय धरते. गुडघाभर पाण्यातून पलीकडे जाणारा माणूस एकदम पुरुषभर खाली जातो, आणि खड्ड्याची रेतीची कड हाताला धरवत नाही, सुटत जाते. म्हणून ओरसंग पायी ओलांडायची नाही, पाणी कितीही उथळ दिसो. रेतीवर ट्रॅक्टरच्या चाकांचे माग आणि एकसारखे ढिगारे दिसले की आसपास खड्डे आहेत असं धरून चाला.

पलीकडे करनाळी, कुबेर भंडारीचं देऊळ. होडीने जायचं तर भाडं बसण्याआधी ठरवा, प्रत्येकाला लाइफ जॅकेट मागा आणि लहान मुलीच्या मापाचं नसेल तर होडी सोडून गाडीने वळसा घालून जा. मोठ्या मापाचं जॅकेट पाण्यात मुलाच्या डोक्यावरून निघून येतं. जानेवारी २०२४ ची हरणी तलावातली होडीची दुर्घटना झाल्यापासून बडोद्यात हे वेगळं सांगावं लागू नये, पण लागतं.

कधी जाऊ नये: अमावास्येला करनाळीला प्रचंड गर्दी, पौर्णिमेला चांदोदला. कार्तिकी पौर्णिमा तर सोडाच. पितृपक्षात आणि कार्तिकातही घाटावर श्राद्धं आणि अस्थिविसर्जन चालू असतं. तिथे फोटो काढत फिरणं बरं दिसत नाही.

नर्मदेची पायी परिक्रमा करणारे परिक्रमावासी भेटतील म्हणून कुणी कार्तिकात जात असेल तर हिशेब सांगतो. नदी उजव्या हाताला ठेवून ते चालतात. देवउठनी एकादशीनंतर ओंकारेश्वराहून निघालेले बहुतेक आधी दक्षिण तटाने समुद्रापर्यंत जातात आणि मग उत्तर तटाने परततात. चांदोद उत्तर तटावर. तेव्हा ते इकडे दिसायला बराच अवकाश असतो.

डभोईजवळ वढवाण्याचं तळं आहे, १९१० मध्ये बडोदा संस्थानने सिंचनासाठी बांधलेलं, २०२१ पासून रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या). पण पट्टकादंब हंस बघायचे तर नोव्हेंबरचा उत्तरार्ध तरी येऊ द्या. ऑक्टोबरात नुसतं पाणी बघून याल.

पाणलोट

वरच्या सगळ्यात एक दुवा जोडतो. शरदात लोकांना फसवतं ते आकाश. पाऊस नाही म्हणजे नदी वाढणार नाही, हे नर्मदेला आणि महीला लागू नाही, कारण पातळी धरणावर ठरते.

नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर. सप्टेंबर-ऑक्टोबरात ते जवळजवळ भरलेलं असतं, म्हणजे वरून मध्य प्रदेशातून आलेलं जादा पाणी साठवायला जागा नसते. ते खाली सोडावंच लागतं. ३० दरवाजे उघडले तर बातमी होते, सगळ्यांना कळतं. सप्टेंबर २०२३ मध्ये चांदोद-करनाळीत पाणी शिरलं ते असंच. पण दरवाजे बंद असतानाही नदीपात्रातलं वीजघर असतं: २०० मेगावॅटचे सहा संच. जितके संच चालू तितकं पाणी खाली. विजेची मागणी बदलली की संच चालू-बंद होतात आणि खालची पातळी काही तासांत हलते. याची बातमी कोणी देत नाही. महीवर तेच काम कडाणा धरण आणि वणाकबोरीचा बंधारा करतात.

घरून निघण्याआधी धरणाची आदल्या दिवसाची पातळी आणि विसर्ग गुजराती वर्तमानपत्रात किंवा सरकारी संकेतस्थळावर बघा. विसर्ग वाढतोय असं दिसलं तर पात्रात उतरायचा बेत रद्द, काठावरूनच फिरा. आणि पोहोचल्यावर एक साधी गोष्ट: पाण्याच्या रेषेला फूटभर काडी रोवा, नेमक्या पातळीवर खूण करा. काडी रोवणाऱ्याने एकट्याने, पटकन, नदीकडे तोंड करून हे करायचं. दर अर्ध्या तासाने लांबून बघा. खूण चार बोटं बुडली तर सामान उचलायचं. रेतीच्या उंचवट्यावर बसला असाल तर त्याहूनही आधी, कारण मागची सखल पट्टी पहिल्यांदा भरते आणि तुम्ही बेटावर राहता.

वाडीकर

उत्तम माहिती. दोन शंका. चांदोदच्या पायऱ्या वगळल्या तर ज्येष्ठांना फक्त बसणंच उरतं. त्यांना सपाटीवर नर्मदेजवळ चालता येईल अशी दुसरी जागा? आणि ऊन कितीपर्यंत सोसवतं?

अवधूतवाडी

ज्येष्ठांना चांदोद नकोच, असं माझं मत. नारेश्वर बघा. करजणमार्गे, अंतर थोडं जास्त. रंग अवधूत महाराजांचं (१८९८-१९६८) स्थान, मराठी दत्तसंप्रदायातलेच, त्यामुळे आपल्याकडच्या ज्येष्ठांना तसंही जायचं असतं. देवस्थानाचा परिसर असल्याने झाडांची सावली, पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह या तीन गोष्टींची चिंता नाही, आणि ज्येष्ठांच्या फेरीत निम्मा बेत याच तीन गोष्टींवर ठरतो. ज्येष्ठ वर फिरतील, बाकीचे नदीकडे जाऊन येतील. गुरुवार आणि दत्तजयंतीच्या आसपासचे दिवस टाळा.

गरुडेश्वरही सुचवतील कुणी, टेंबे स्वामींची समाधी (१९१४) आहे म्हणून. दर्शनाला जरूर जा, पण अर्ध्या दिवसात जेवायला घरी ही तुमची अट तिथे बसत नाही.

जुना_डभोईकर

नारेश्वरचा मुद्दा सावली आणि सोयींपुरता मान्य. पण दहा वर्षांच्या मुलीला रेतीचं पात्र आणि संगम चांदोदलाच. दोन रविवार करा.

उन्हाबद्दल: ऑक्टोबरच्या मध्याला सूर्य साडेसहानंतर उगवतो, दुपारी पारा पस्तिशीला टेकतो आणि साडेदहानंतर कोरडी रेती चपलेच्या तळव्यातून लागते. म्हणजे सातला पात्रात, साडेनऊला बाहेर. त्यासाठी घर साडेपाचला सोडावं लागेल. नोव्हेंबरच्या मध्याला सूर्योदय सातच्या जरा आधी, पण हवा गार, अकरापर्यंत आरामात. संध्याकाळची फेरी सुचवत नाही. तेव्हा सहाच्या आतच सूर्य बुडतो आणि काठावर अंधार एकदम पडतो. तुमच्या मंडळींना दिवाळीनंतरचे दोन आठवडे सर्वांत सोयीचे. फक्त भाऊबीजेपर्यंत रस्ते आणि देवळं दोन्ही गच्च असतात.

काटेकुसळे

कपड्यांचं कुणी लिहिलं नाही म्हणून. काठावर सगळीकडे गांडा बावळ (वेडी बाभूळ) आहे. त्याचा काटा दोन इंचांपर्यंत, वाळलेला तर खिळ्यासारखा, पातळ तळव्याच्या स्पोर्ट्स बुटातून सरळ आरपार जातो. कडक, जाड तळव्याचे बूट हवेत, रेतीसाठी चपला वेगळ्या न्या. गाडी बाभळीखाली लावू नका, टायरची तीच गत होते. शेतकरी तोडलेल्या फांद्या बांधावर कुंपण म्हणून टाकतात, वाऱ्याने त्यांतले काटे वाटेवर येतात.

आश्विनात गवत पिकतं, कुसळं मोज्यांत घुसतात आणि लोकरी मोज्यांतून निघता निघत नाहीत. गुळगुळीत कापडाची पूर्ण पँट, आणि तिची कड मोज्यांच्या बाहेर.

साप: पिकांची कापणी सुरू असते, उंदीर बांधाकडे सरकतात, त्यांच्यामागे घोणस. वाटेवर काठी आपटत चाला, दगड किंवा पेंढी उचलू नका. दंश झालाच तर आवळपट्टी नाही, चिरा नाही, अंगठ्या-कडी काढा, तो अवयव हलू देऊ नका आणि १०८ ला फोन. साप मारून सोबत नेण्यात वेळ घालवू नका, उपचार लक्षणांवरून होतात.

माणशी दोन लिटर पाणी, ज्येष्ठांसाठी ओआरएसचं पाकीट. एक लिटरचं पाकीट एक लिटरमध्येच घालायचं, अर्ध्या बाटलीत कालवलं तर क्षार जास्त होतात.

महीकाठ

काडी रोवायच्या युक्तीत एक दुरुस्ती. महीच्या गाळाच्या काठावर पाण्याच्या रेषेपर्यंत जाणंच ठीक नाही, मगरीमुळेही आणि रुतण्यामुळेही. तिथे समोरच्या काठावरचा किंवा पात्रातला एक ठळक दगड हेरा, पाण्याबाहेर किती आहे त्याचा फोनवर फोटो काढा आणि अर्ध्या तासाने त्याच जागी उभं राहून दुसरा काढून ताडून बघा. पुलाचा खांब दिसत असेल तर अजून सोपं, त्यावर पाण्याच्या ओल्या रेघा असतात. ओली रेघ पाण्याच्या वर दिसतेय म्हणजे नदी उतरतेय. पाण्याला थेट कोरडा खांब लागलाय म्हणजे चढतेय.

वाडीकर

ठरलं. दिवाळीनंतरचा दुसरा रविवार चांदोद, त्याच्या पुढचा नारेश्वर. मुलीच्या मापाचं जॅकेट भाड्याने मिळतं का बडोद्यात, की विकतच घ्यावं?

मगरमित्र

विकत घ्या. पाकिटावर किती किलो वजनासाठी ते लिहिलेलं असतं, मुलीचं वजन त्यात बसतंय का बघा. दोन पायांमधून जाणारा पट्टा हवाच, त्याशिवाय घेऊ नका. घरी घालून खांद्यांच्या पट्ट्यांना धरून वर ओढा: हनुवटीच्या वर सरकलं तर एक माप लहान घ्या. अमावास्या-पौर्णिमेचं गणित त्या दोन रविवारांना लावून बघितलंत का?

वाडीकर

नाही बघितलं. कालनिर्णय काढतो.